आठच्या आत पोचणारी बस

बस सकाळी साडेसहाला निघे आणि बावीस किलोमीटरवरच्या शहरात आठ वाजून दहा मिनिटांनी पोचे. एवढ्या वेळात एखादा सायकलवाला शहरात जाऊन, चहा पिऊन परतीला लागला असता. निवृत्त ग्रंथपालांना हे कुणी सांगायची गरज नव्हती. वेळापत्रक त्यांनीच लिहिलं होतं.

परिवहन खात्याने ही बस पाच गावांना मिळून सहा महिन्यांसाठी दिली होती. रस्त्यातले खड्डे गावांनी भरायचे, निवारे गावांनी बांधायचे आणि मार्ग पाचही गावांच्या समितीने एकमताने ठरवायचा, अशी बोली होती. ग्रंथपाल समितीचे चिटणीस. कारण मीटिंगमध्ये गप्प बसणारे तेवढेच एक होते. पहिल्या बैठकीत एकाने बस शाळेच्या फाटकापर्यंत मागितली, दुसऱ्याने बाजाराच्या मागून, तिसऱ्याने आपल्या मेहुण्याच्या दुकानासमोरून. ग्रंथपाल प्रत्येकाला "असू द्या" म्हणाले आणि लिहीत गेले. आयुष्यभर पानं फाटलेली पुस्तकंही त्यांनी असंच म्हणत परत घेतली होती. शेवटी स्वतःच्या गावासाठीही त्यांनी एक फेरा घातला. बस फाट्यावरून आत यायची, पाण्याच्या टाकीला वळसा घालायची आणि परत फाट्यावर जायची. त्यात चौदा मिनिटं जायची.

त्यांची सून शहरातल्या इस्पितळात नर्स होती. ड्युटी आठला. इस्पितळ बसस्थानकासमोरच, पण दहा मिनिटांचा उशीर तो उशीरच. मुलगा जहाजावर, वर्षातून दोन महिने घरी. घरात सून, सात वर्षांची नात आणि ग्रंथपाल, एवढीच माणसं.

"बाबा, मी तुमच्यावर चिडलेली नाही," शनिवारी संध्याकाळी सून डबा पुसत म्हणाली. चिडली की ती हमखास हेच म्हणायची. "पण मोठ्या सिस्टरांनी आज सगळ्यांसमोर विचारलं, घड्याळ नाही का घरात? इस्पितळाच्या आवारात एक खोली रिकामी झालीय. हवी की नको, ते सोमवारी सांगायचंय. घेतली तर छकुलीला तिथल्याच शाळेत घालावं लागेल."

"उद्या मीटिंग आहे. मांडतो मी विषय."

"मागच्या वेळीही मांडणार होतात."

"मागच्या वेळी विषय निघाला नाही."

"तुम्ही काढला नाहीत, बाबा."

ग्रंथपालांना रात्री झोप लागली नाही. पहाटे ते घड्याळ घेऊन घरापासून फाट्यापर्यंत चालत गेले. सतरा मिनिटं लागली. वाटेत एकदा बूट काढून खडा झटकला, तो वेळ धरूनच. म्हणजे सोपं होतं. इतरांकडे काही मागायलाच नको. आपल्याच गावचा आतला फेरा रद्द करायचा. बस सात छप्पन्नला शहरात पोचेल. सून फाट्यापर्यंत चालेल. बाकीचे लोक शिव्या देतील, देऊ देत.

मीटिंग शाळेच्या वर्गात होती. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. पिठाची गिरणी चालवणारे अध्यक्ष तेवढे खुर्चीवर.

"आमच्या गावचा आतला फेरा बंद करावा," ग्रंथपाल उभं राहून म्हणाले. आवाज कापला, पण वाक्य पुरं झालं. "आम्ही फाट्यापर्यंत चालत येऊ. चौदा मिनिटं वाचतील. बस आठच्या आत पोचेल."

वर्गातली माणसं एकमेकांकडे बघू लागली. समितीत आजवर कुणी काही सोडलं नव्हतं.

"याला म्हणतात मोठं मन!" अध्यक्ष म्हणाले. टाळ्या पडल्या. ठराव मंजूर झाला, पाचही गावांच्या सह्या झाल्या. ग्रंथपालांचे कान तापले. आपण उगाच इतकी वर्षं घाबरत होतो की काय, असं त्यांना वाटून गेलं.

तेवढ्यात डेअरीवाल्या ताई म्हणाल्या, "चौदा मिनिटं मोकळी झालीच आहेत, तर बस फाट्यावरून आमच्या डेअरीपर्यंत आणू या ना. चार कॅन चढवायचे आणि मागे फिरायचं. चौदा मिनिटांत आरामात होतं."

"आणि गिरणी त्याच रस्त्यावर आहे," अध्यक्ष लगेच म्हणाले. "दोन पोती माझीही जातील."

"अहो, पण ती मिनिटं मोकळी नाहीत!" ग्रंथपाल म्हणाले. "ती आठच्या आत पोचण्यासाठी आहेत!"

"कुणाला पोचायचंय एवढं आठला?" मागून कुणीतरी विचारलं. "आमची कामं दहाला सुरू होतात."

"माझा विरोध आहे. एकमत नाही, म्हणजे ठराव होत नाही." हे वाक्य त्यांनी जन्मात प्रथमच उच्चारलं होतं.

अध्यक्षांनी चष्मा पुसला, नियमांचा कागद काढला आणि शांतपणे वाचलं, "कलम चार. ज्या गावाच्या हद्दीत बस थांबते, त्याच गावाला मत." मग वर बघून म्हणाले, "फाटा आमच्या हद्दीत येतो, काका. तुमच्या गावात आता बस थांबत नाही. पाच मिनिटांपूर्वी तुम्हीच सही केलीत. कलमही तुमचंच."

खरंच त्यांचंच होतं. बाहेरच्या गावांनी लुडबूड करू नये, म्हणून एका दुपारी मोठ्या विचाराने घातलेलं. ग्रंथपाल खाली बसले. बाक लहान, गुडघा जोरात आपटला. ताईंनी विचारलं, "लागलं का हो?" आणि ठराव चार विरुद्ध शून्य असा मंजूर झाला.

घरी येऊन त्यांनी काही न लपवता सगळं सांगितलं.

"विरोध आहे म्हणालात?" सुनेने विचारलं. "तुम्ही? मोठ्याने?"

"मोठ्यानेच. उपयोग काय झाला? मत घालवलं, बस घालवली, वर गाव शिव्या देतंय."

ती हसली. मग तिने कपाटावरची बॅग खाली काढली.

सोमवारी तिघं फाट्यापर्यंत चालत गेले. बस आली. बॅगा चढल्या. नातीने खिडकीतून पापे पाठवले, सून म्हणाली, "औषधं वेळेवर घ्या. आणि रविवारी याच." बस हलली आणि शहराकडे जायच्या ऐवजी डावीकडे वळून डेअरीच्या रस्त्याला लागली.

ग्रंथपाल डोळे पुसत बराच वेळ तिथेच उभे राहिले. नाक शिंकरलं. रुमाल घडी करून खिशात ठेवला. घराकडे पाऊल टाकणार, तोच दुधाचे कॅन खडखडवत बस परत फाट्यावर आली.

"आजोबा!" नात खिडकीतून ओरडली. "आम्ही अजून इथेच आहोत!"

ड्रायव्हरने बस थांबवली. एक कॅन कलंडला होता, तो सरळ करायचा होता. सून खिडकीत, ग्रंथपाल खाली रस्त्यावर. निरोपाचं तर बोलून झालं होतं.

"किती वाजले गं?" त्यांनी विचारलं.

"राहू दे ना, बाबा," ती म्हणाली.