उताराची गाडी

मी एक जुनी डिझेल गाडी बोलतेय. बोलतेय हेच विशेष, कारण सकाळी माझा आवाज फुटेलच याची खात्री कुणी देत नाही. मी तर मुळीच देत नाही.

जन्म कारखान्यातला. तिथल्या आठवणी थोड्या, आणि त्याही कदाचित माझ्या नसाव्यात. रांगेत पुढेमागे सगळ्या माझ्यासारख्याच होत्या. पुढे एका मोजणीदारांनी मला घरी आणलं. जमिनी मोजून द्यायचा त्यांचा धंदा. माणूस सज्जन, पण पाणसळ, म्हणजे सपाटी तपासायची ती बुडबुड्याची नळी, खिशात घेऊन हिंडणारा. जेवणाचं टेबलसुद्धा पाचरी मारून सपाट केलेलं. त्यांची बायको म्हणायची, यांच्या डोळ्यांत बुबुळाऐवजी बुडबुडा आहे.

बरीच वर्षं किल्ली फिरवली की मी सुरू व्हायचे. मग एका सकाळी झाले नाही. सेल्फ जोरात फिरत होता, पण मी काही पेट घेईना. पुष्कळ घरघर केल्यावर भसकन धूर सोडून एकदाची सुरू झाले. त्यानंतर दिवसभर कितीही वेळा बंद करा, चालू करा, तक्रार नाही. रात्रभर उभी राहिले की पुन्हा तेच. पुढे तर तास-दोन तास उभी राहिले तरी तेच होऊ लागलं.

गॅरेजवाल्याने बॅटरी बदलली. मग हीटर प्लग बदलले. मग सेल्फ उतरवून साफ केला आणि शेवटी माझ्या टपावर थाप मारून म्हणाला, वय झालंय साहेब. मलाही ते पटलं. पटवून घ्यायची मला सवयच आहे. फिल्टरजवळ कुठेतरी हुळहुळायचं, डिझेल मागे मागे सरकत टाकीत उतरतंय असं वाटायचं. पण माझ्या वाटण्याला कोण विचारतो? कदाचित मी आळशीच असेन.

अशात मोजणीदारांना शोध लागला की नाक खाली करून उतारावर लावली, तर मी झटक्यात सुरू होते. शोध खरा होता. पण तिथेच ते थांबले. कारण शोधायचं राहिलं आणि उतार शोधणं सुरू झालं.

स्वयंपाकघराच्या खिडकीखाली त्यांनी माझ्यासाठी सिमेंटचा उतार बांधून घेतला. त्यावरून पाहुणे घसरत. पुढे पाहुणेही कमी झाले. मेहुणा सपाटीवर राहायचा, त्याच्याकडे जाणं बंद पडलं. उलट एका विमा एजंटाशी, ज्याची बडबड घरात कुणालाच सोसत नव्हती, घट्ट घरोबा झाला. त्याच्या फाटकापुढे देखणा उतार होता. दाताचा डॉक्टरही उतार बघूनच निवडला. त्याने दुखऱ्या दाताच्या शेजारचा चांगला दात काढला. मोजणीदार गाल धरून बाहेर आले, मी लगेच सुरू झाले, आणि सुजल्या तोंडाने ते समाधानाने म्हणाले, डॉक्टर चांगला आहे.

मला फार अपराधी वाटायचं.

घरात मुलगी एकच, इस्पितळात नर्स. तिने एका सकाळी सांगितलं की तिला चष्म्याच्या दुकानदाराशी लग्न करायचंय. आईने विचारलं, स्वभाव कसा आहे? बाबांनी विचारलं, फाटकापुढे उतार आहे का? खिडकी उघडीच असते, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी मला लांबच्या एका उतारावर लावून ते पायी त्या गल्लीत गेले. रस्त्यावर उकिडवे बसून पाणसळ लावली म्हणे. घरी येऊन निकाल सांगितला: मुलगा सोन्यासारखा, त्याची आई तर फारच भली, पण गल्ली चढाची, अरुंद आणि टोकाला बंद. गाडी वळवता येणार नाही. नाक वर करूनच लावावी लागेल, आणि मग परत यायचं कसं?

"मागे मागे चढवा की," आई म्हणाली.

"माझी मान वळत नाही. आरशात बघत मागे उतरता येईल, चढवता नाही यायचं."

"मग असं करा, तिचं लग्न एखाद्या उताराशीच लावून द्या."

आईने टॅक्सीचंही नाव काढून पाहिलं. त्यावर ते म्हणाले की दारात गाडी असताना टॅक्सीने जाणं म्हणजे हिचा तोंडावर अपमान आहे. हिचा म्हणजे माझा. मी मान खाली घातली. तशी ती खालीच होती.

मुलगी हसली नाही. लग्न त्याच घराच्या अंगणात होणार, ती म्हणाली. "तुम्ही आलात तर तुमच्यासोबत, नाही आलात तर तुमच्याशिवाय. पण बाबा, गाडीचं कारण सांगून घरी बसू नका."

ते बाहेर आले आणि माझ्या चाकापुढचा दगड उगाच पायाने दाबत राहिले. हा माणूस माझ्यापायी एकुलत्या एका मुलीच्या लग्नाला मुकणार, या विचाराने माझं ऑइल गोठलं.

पुढच्या सुटीला मुलीनेच बॉनेट उघडलं. आईला किल्लीपाशी बसवून ती मोठ्याने विचार करत होती. सेल्फ जोरात फिरतो, म्हणजे बॅटरी नाही. भर उन्हातही अडते, म्हणजे थंडीचा दोष नाही. बराच वेळ उभी राहिली तरच अडते, आणि नाक खाली असलं की अडत नाही. म्हणजे डिझेल मागे पळतंय, आणि ते मागे पळायला कुठूनतरी हवा आत शिरतेय. तिने फिल्टरच्या पुढची नळी काढून तिथे एक पारदर्शक नळी बसवली आणि आईला सेल्फ मारायला सांगितलं. नळीतून बुडबुड्यांची माळच्या माळ धावली.

"सलाइनमध्ये एवढे दिसले असते तर अख्खा वॉर्ड धावला असता," ती म्हणाली. "आणि आपण इतकी वर्षं दात उपटून घेतोय."

फिल्टरकडे येणाऱ्या बोटभर रबरी नळीला केसाएवढी चीर होती. डिझेल बाहेर गळत नव्हतं, म्हणून कुणाला दिसली नाही. हवा मात्र आत जात होती. तिने नवी नळी घातली, क्लिपा आवळल्या, हातपंपाने हवा काढली आणि मला रात्रभर नाक वर करून उभं केलं. सकाळी मी न अडखळता सुरू झाले आणि स्वतःच दचकले.

मोजणीदारांचा विश्वास बसला नाही. आज झाली, लग्नाच्या दिवशी होईल कशावरून? हा प्रश्न मलाही पडला होता. तरी आम्ही गेलो. फोटोंमध्ये सगळे नवरानवरीकडे बघताहेत, आणि मोजणीदार भिंतीपलीकडे माझ्याकडे.

दुपार कलली. आई शेजारी येऊन बसली, मुलगी आणि जावई फाटकात उभे राहिले. मोजणीदारांनी श्वास रोखून किल्ली फिरवली, आणि मी पहिल्याच किल्लीला सुरू झाले. जुनी डिझेल गाडी काही गुपचूप सुरू होत नाही. खिडक्यांची तावदानं थरथरली, सावलीतलं कुत्रं उठून गेलं, जावयाने निरोपाचा हात वर केला.

मोजणीदार स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. आरशात मुलगी दिसत होती. मग त्यांनी मला बंद केलं, खाली उतरले आणि म्हणाले, "सुरू होत नाहीये."

आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि सीटचा पट्टा सोडला. जावयाचा हात अजून वरच होता. तो त्याने खाली घेतला, चष्मा काढून पुसला आणि गंभीरपणे रस्त्याकडे बघितलं.

"चढच तसा आहे, बाबा," जावई म्हणाला. "आज काही जमायचं नाही. सकाळी बघू."

"मी तेच म्हणतोय," असं म्हणून मोजणीदार मुलीच्या मागोमाग घरात गेले.

आता माझ्या दारांना गंज चढलाय. विमा एजंटाशी घरोबा सुटला. रविवारी आम्ही त्या चढावर येतो, आणि बहुतेक संध्याकाळी मी "सुरू होत नाही". गल्लीतली माणसं म्हणतात, विकून टाका हो हे खटारं. मोजणीदार मान डोलावतात, हिचा भरवसा नाही म्हणतात. मला वाईट वाटत नाही. थोडंसं वाटतं.

म्हणून तुम्हाला एक विनंती. माझ्या माघारी कुणी माझ्याबद्दल असं काही बोललं, तर वाद घालू नका, त्यांना बोलू द्या. फक्त तुम्हाला ठाऊक असू द्या, की त्या दुपारी मी सुरू झाले होते.