उपाशीपोटी

आमच्या बेटावर पोराला सकाळी उपाशी घराबाहेर पाठवणाऱ्या बाईची गावभर छी-थू व्हायची. म्हणून आईची सोयाबीनची लापशी उजाडायच्या आत चुलीवर चढलेली असे. तो वास आठवला की या वयातही मला आईच्या मांडीवर जाऊन बसावंसं वाटतं.

न्सिमिरेताई माझ्याहून मोठी, पण मला तोकडे झालेले फ्रॉक तिला व्हायचे. गळा सुजलेला, हातपाय गार, सदा पेंगुळलेली. सरोवरापलीकडच्या शहरात तिची तपासणी झाली. तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, "हिच्यात वाढीचं हार्मोनच नाही. इंजेक्शनं परदेशातून आणावी लागतील." परतताना होडीत आई जवळचे पैसे पुन्हा पुन्हा मोजत राहिली.

मग मुहिंदो डॉक्टर बेटावर आले. रिपोर्ट बघून चिडलेच. "थायरॉईड इतकं कमी असताना ही तपासणी केलीच कशाला? थायरॉईड नसलं की वाढीचं हार्मोन बाहेरच पडत नाही. आधी या थायरॉईडच्या गोळ्या, रोज सकाळी उपाशीपोटी. मग पुन्हा तपासू."

कित्येक महिने गेले, ताई तसूभर वाढली नाही.

"न्सिमिरेच्या आई, खरं सांगा, गोळी देता ना?"

"देते तर! माझ्या हाताने."

"कशाबरोबर?"

"लापशीत कालवून. उपाशी लेकराला औषध पाजू? मी काय सावत्र आहे?"

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "अहो, सोयाबीन ती गोळी अंगी लागू देत नाही! गोळीनंतर लापशी नकोच. तासाभराने दुसरं काहीतरी द्या."

दुसऱ्या सकाळपासून ताई गोळी घेऊन अंगणात बसायची, आणि आईही उपाशी तिच्याशेजारी. शेजारीण खवचटपणे म्हणाली, "काय गं, पीठ संपलं वाटतं?"

"संपलं," आई म्हणाली. घरात पिठाचं मडकं भरलेलं होतं. तेव्हा मला तिची लाज वाटली होती, आता फार अभिमान वाटतो.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तपासणी झाली. डॉक्टर हसले. "वाढीचं हार्मोन छान येतंय. इंजेक्शन नको."

"म्हणजे ते तिच्यापाशी होतंच?"

"होतंच. अडून बसलं होतं."

आई मटकन जमिनीवर बसली. "मीच अडवलं गं."

"लापशी मीच मागायचे ना," म्हणत ताईने हात देऊन तिला उठवलं. आईने तिला कवेत घेतलं. एरवी त्यासाठी आईला गुडघे टेकावे लागत. त्या दिवशी ती नुसती वाकली.