वडिलांना ‘तुम्ही’ म्हणा

“कागद दाखव.”

अरेझकीने कचऱ्याचा डबा सरळ उभा केला, हात पँटला पुसले आणि खिशातून ओळखपत्र काढलं. हाच पोलीस परवाही आला होता. ह्याच अंगणात, ह्याच डब्यांपाशी त्याने हेच कार्ड उलटसुलट करून पाहिलं होतं. तियेल वस्तीतल्या तीन उंच इमारतींची देखभाल अरेझकीकडे होती. जिने झाडायचे, दिवे बदलायचे, डबे रस्त्यावर न्यायचे. फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या कडेच्या त्या वस्तीत शेंबडं पोरही त्याला ओळखायचं. पोलिसाला तेवढी त्याची ओळख कधी पटत नव्हती.

“इथंच राहतोस?”

“होय साहेब. नवव्या मजल्यावर.”

“हात खिशाबाहेर ठेव. किती वेळा सांगायचं तुला?”

हात खिशाबाहेरच होते. अरेझकी म्हणाला, “होय साहेब.”

तेवढ्यात त्याचा थोरला मुलगा सोफियान बेकरीतली पाळी संपवून आला. बाह्यांना पीठ, काखेत दोन लांब पाव. तो थांबला, ऐकत राहिला. मग आवाज न चढवता म्हणाला, “साहेब, एक विनंती आहे. माझ्या वडिलांना ‘तुम्ही’ म्हणा.”

“काय म्हणालास?”

“तुम्ही. ते साठीला आलेत. मीही तुम्हाला ‘तुम्ही’च म्हणतोय.”

गाडीपाशी उभा असलेला दुसरा पोलीस हसला. पहिला हसला नाही. त्याने सोफियानची मान धरली, हात मागे पिरगाळले आणि त्याला गाडीत कोंबलं. पाव खाली पडले. अरेझकी गाडीमागे धावत होता आणि म्हणत होता, “माफ करा साहेब, पोर आहे, चुकलं त्याचं.” काय चुकलं ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

आता ह्या ‘तू’चं म्हणाल, तर अरेझकीला त्यात नवं काही नव्हतं. अल्जीरियातल्या काबिली डोंगरातून तो ऐन विशीत इथं आला. त्याच्या बोलीत ‘तू’च होतं. आईला तू, बापाला तू, गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसालाही तूच. मायेचं तू ते. इथं मोटारीच्या कारखान्यात मुकादम त्याला तू म्हणायचा, खोलीचा मालक तू म्हणायचा, बसमध्ये तिकीट तपासणारा तू म्हणायचा. त्याला वाटलं, ह्यांच्याही भाषेत एवढंच दिसतंय. बरं झालं, सोपी आहे. मग एकदा परवान्याच्या कचेरीत खिडकीमागच्या बाईला तो हसतमुखाने म्हणाला, “कशी आहेस तू? माझा कागद झाला का?” बाई अशी कडाडली की अख्खी रांग दोन पावलं मागे सरली. ह्या भाषेत ‘तुम्ही’ नावाचाही शब्द आहे, आणि तो आपण द्यायचा असतो, आपल्याला मिळत नसतो, हे त्याला त्या दिवशी कळलं. लग्नाकार्यात ही गोष्ट तो स्वतःच रंगवून सांगायचा आणि लोक पोट धरून हसायचे. सोफियान मात्र ह्या गोष्टीला कधी हसला नव्हता.

संध्याकाळी चौकीतून फोन आला. पोरगा जिन्यावरून पडला, डोक्याला मार लागलाय, हॉस्पिटलात शस्त्रक्रिया चालू आहे, इतक्यात भेटता येणार नाही. अरेझकीच्या बायकोने, वारदियाने, फोन हिसकावून घेतला.

“कुठला जिना? चौकी तर बैठी आहे तुमची.”

पलीकडून फोन ठेवला गेला.

सोफियानला नेताना अर्ध्या वस्तीने खिडक्यांतून पाहिलं होतं. जिन्याचं ऐकल्यावर ज्याला त्याला आपापलं आठवलं. कुणाचं बोट गाडीच्या दारात चेमटवलं होतं. कुणाचा नोकरीचा अर्ज पत्ता वाचूनच बाजूला ठेवला गेला होता. एकाला शाळेच्या फाटकात मुलीसमोर कपडे उतरवायला लावले होते. वर्षानुवर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्लेली माणसं ती. त्यांना भडकवायला बाहेरून कुणी यावं लागलं नाही. दिवेलागणीला पहिली बस पेटली.

थोड्या वेळाने अरेझकीचं दार वाजलं. लिफ्ट महिनाभर बंद होती. नऊ मजले चढून पोलिसांचा मोठा साहेब आला होता आणि धापा टाकत होता.

“तुमची हरकत नसेल तर बसतो जरा.”

“आमच्या जिन्यावरून कुणी पडत नाही बघा,” वारदिया म्हणाली. “इतके मजले चढून आलात, पण सुखरूप आहात.”

साहेबाने ते ऐकलं न ऐकलंसं केलं. “तुमच्या मुलाचं वाईट वाटतं मला. पण खाली पोरं वस्ती पेटवायला निघालीत. तुम्हाला मानतात ती. तुम्ही दोन शब्द बोललात तर ऐकतील.”

तुमच्या, तुम्हाला, तुम्ही. अरेझकी ऐकत राहिला. उभ्या जन्मात एका सरकारी माणसाकडून इतकी ‘तुम्ही’ त्याला मिळाली नव्हती. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. आणि इथं गाढव कोण ते त्याला चांगलं कळत होतं.

“बोलतो मी,” तो म्हणाला. “पण त्या पोलिसाला आणा. त्याने खाली, सगळ्यांसमोर, मला एकदा ‘तुम्ही’ म्हणावं.”

“एवढंच?”

“एवढंच. माझ्या पोराने तेवढंच मागितलं होतं.”

साहेब उठून खिडकीपाशी गेला. काचेवर आगीचा उजेड पडत होता. “चौकशी सुरू आहे,” तो शेवटी म्हणाला. “अशा वेळी त्याने असं काही केलं तर ती कबुली ठरेल. तुम्हीच समजून घ्या.”

“आम्हीच घेतो समजून,” वारदिया म्हणाली. “तेच करत आलोय.”

साहेब गेल्यावर अरेझकी तरीही खाली उतरला. पोरं डोळ्यांदेखत वाढलेली होती, उद्या त्यांच्यातलंच आणखी कुणी जिन्यावरून पडलं असतं. चौथ्या मजल्यावरचा करीम हातात दगड घेऊन उभा होता. त्याने दगड पाठीमागे लपवला.

“काका, तुम्ही वर जा.”

“ठेव तो दगड. ह्याने सोफियान घरी येणार आहे का?”

“नाही येणार. पण तुम्ही एवढी वर्षं गप्प बसलात, त्याने काय आलं घरी?”

करीम टोमणा मारत नव्हता, खरंच विचारत होता. अरेझकी तिथंच पायरीवर बसला आणि बस जळून संपेपर्यंत बसून राहिला.

सकाळी हॉस्पिटलातून निरोप आला की सोफियान शुद्धीवर आलाय, आईबापांनी लगेच यावं. बस बंद होत्या. दोघं चालत निघाली. वस्तीच्या तोंडाशी लोखंडी कठडे लावले होते आणि तिथं एक कोवळा पोलीस उभा होता. नव्याने भरती झाला असावा, सोफियानच्याच वयाचा.

“कुठं निघालास? कागद दाखव.”

अरेझकी थबकला. काल साहेबाला जे बोलला ते ह्यालाही बोलावं, असं फार आतून वाटलं त्याला. ‘तुम्ही म्हण, मग दाखवतो.’ फार तर काय, आत टाकतील. पण मग पोराला कोण भेटणार? वारदिया त्याच्याकडेच बघत होती. ती काही बोलायच्या आत त्याने तिचा हात दाबला.

“हे घ्या साहेब. हॉस्पिटलात जायचंय. मुलगा आहे तिथं.”

“जा. लवकर परत ये.”

“होय साहेब.”

सोफियानचं डोकं पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलं होतं आणि एक डोळा पार मिटला होता. दुसऱ्या डोळ्याने त्याने बापाला ओळखलं. वारदिया त्याच्या गालावरून हात फिरवत होती.

“बाबा,” तो म्हणाला. आवाज ऐकायला अरेझकीला वाकावं लागलं. “त्यांनी तुला ‘तुम्ही’ म्हटलं का?”

“म्हटलं.”

“त्यानेच?”

अरेझकीने वारदियाकडे पाहिलं. ती खिडकीकडे बघू लागली.

“त्यानेच,” तो म्हणाला. “अंगणात, सगळ्यांसमोर. टोपी काढून म्हणाला.”

सोफियानचा ओठ फाटला होता, तरी तो हसला. लहानपणी त्या कचेरीच्या गोष्टीला कधी हसला नव्हता तो पोरगा आता हसला. “मग पोरं अजून गाड्या का जाळतायत? नर्स सांगत होती. जा बाबा, सांग त्यांना. त्याने म्हटलंय, म्हणावं. आता घरी जा.”

“सांगतो,” अरेझकी म्हणाला, आणि पोराच्या पायांवरचं पांघरूण नीट करत राहिला.