दुभाषी

संजीवने कात्रीने द्राक्षांचा घड कापला, वर टोपीसारखा बांधलेला कागद सोडवला आणि घड जुईपुढे धरला. जुईने घडाकडे पाहिलं, मग त्याच्या हाताकडे, आणि ती पाठ फिरवून पुढच्या मांडवाखाली निघून गेली.

"इरानाइ," जाता जाता ती म्हणाली. नको.

मळ्याच्या मालकीणबाई टोपली घेऊन मागेच उभ्या होत्या. त्यांच्याजवळ पोचताच जुईचा चेहरा बदलला. ती कमरेत वाकली, त्यांनी दिलेला घड दोन्ही हातांनी घेतला, एक मणी तोंडात टाकून डोळे मिटले आणि जपानीत म्हणाली, की इतकी गोड द्राक्षं तिने आजवर खाल्ली नव्हती. बाई विरघळल्या. इतकी गोड मुलगीही आपण पाहिली नाही, असं त्या म्हणाल्या. संजीव आपला घड हातात धरून तसाच उभा राहिला.

जपानमधल्या कात्सुनुमाचा तो सगळा उतार द्राक्षांच्या मांडवांनी झाकलेला होता. खाली रस्त्याला वाइनचे कारखाने, त्यांच्या दारात चव घ्यायला ठेवलेले इवलेसे पेले. संजीवला गाडी चालवायची होती, त्यामुळे पेल्यांकडे न बघता तो गाडीपाशी गेला. जुई मागच्या सीटवर बसली. पुढची सीट रिकामी होती.

जूनमध्ये त्याने घरी सांगितलं होतं, की काँट्रॅक्ट पुढे वाढलेलं नाही, ऑगस्ट संपायच्या आत पुण्याला परतायचं. मंदीने आधी अमेरिका धरली आणि मग कावासाकी शहरातल्या त्याच्या ऑफिसच्या मजल्यावरची टेबलं एकेक करून रिकामी होऊ लागली. त्याच्या बायकोने, वृंदाने, दुसऱ्याच दिवसापासून बांधाबांध सुरू केली; आजही ती त्यासाठीच घरी थांबली होती. जुईने मात्र त्या दिवसापासून बापाशी मराठी बोलणं बंद केलं. पाच वर्षांची असताना ती इथे आली होती. आता सातवी-आठवीच्या वयाची झाली होती, शाळेच्या बॅडमिंटन क्लबात होती, आणि ऑगस्टच्या शेवटी क्लबचं शिबिर सायको तळ्यावर जाणार होतं. होड्या, पोहणं, रात्री तंबू. त्यांचं विमान शिबिराच्या आधी होतं.

"निदान तळं तरी बघून येऊ," संजीव म्हणाला होता. जुईचा चेहरा पाहून त्याला तेव्हाच कळायला हवं होतं. पण गाडी भाड्याने घेऊन झाली होती.

"सायको," चढणीला लागताना तो आरशात बघून म्हणाला. "पुण्यात सांगितलं की आम्ही सायको बघायला गेलो होतो, तर लोक म्हणतील, घरातच होता की एक!"

 थोड्या वेळाने जुईने फोन उघडला आणि आयाकाशी बोलू लागली. आयाका तिच्या क्लबातली मैत्रीण.

"हो, त्याच्याबरोबरच," ती जपानीत म्हणाली. "नाही गं, मज्जा कसली? ऑफिसात त्याला कुणी विचारत नाही, म्हणून आम्हाला ओढून नेतोय. तो एकटाच परत गेला असता तर किती बरं झालं असतं! … अगं, बोल ना मोकळेपणाने. तो इथेच आहे, पण त्याला काही कळत नाही."

संजीवला सगळं कळत होतं.

कधीपासून, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पहिली काही वर्षं मीटिंगमध्ये तो नुसता माना डोलवत बसायचा. मग हळूहळू शब्द सुटे होऊ लागले, मग वाक्यं. बोलायला मात्र जीभ वळायची नाही, म्हणून तो इंग्रजीतच बोलत राहिला आणि सगळ्यांनी धरून चाललं, की संजीव-सानला जपानी येत नाही. त्याला काढायचं हेही त्याच्या शेजारीच बसून ठरलं होतं, आणि तो स्क्रीनकडे बघत ऐकत होता. घरी सांगायचं राहून गेलं. वॉर्ड ऑफिसात, दवाखान्यात लहानगी जुई त्याच्या पुढे धावायची, "बाबा, तू थांब, मी सांगते," म्हणायची, आणि खिडकीच्या कठड्याला हनुवटी टेकवून त्याच्या वतीने बोलायची. तिच्याकडून ते काढून घ्यावं असं त्याला कधी वाटलं नाही.

बोगदा लागला आणि फोन कटला. जुई एक शब्द पुटपुटली. संजीवने तोही ऐकला आणि गाडीचे दिवे लावले.

सायको हिरवंगार आणि जवळजवळ ओसाड होतं. डोंगर थेट पाण्यात उतरले होते. काठावर एक टपरीवजा दुकान, पुढे पालथ्या घातलेल्या रंगीत होड्या. दुकानदार साठीतला, गळ्यात टॉवेल टाकलेला माणूस होता. जुईने नेहमीच्या गोड आवाजात दोघांसाठी होडी मागितली. त्याने संजीवला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"परक्या देशांतल्या लोकांना मी देत नाही," तो जुईला म्हणाला. "गेल्या महिन्यात असलेच काही आले होते. डबे पाण्यात टाकले, लाइफ-जॅकेटं घातली नाहीत. सांगितलेलं कळत नाही यांना. वासही जात नाही जॅकेटांचा."

जुईने पाण्याकडे मान वळवली.

"तुझी गोष्ट वेगळी," तो म्हणाला. त्याचा आवाज मऊ झाला. "तू तर इथल्यासारखीच बोलतेस. तुला हवी तर घे, एकटीसाठी छोटी आहे. हा माणूस इथे बाकावर बसेल."

संजीवने चेहरा कोरा ठेवला. ते त्याला सवयीने जमत होतं. जुई पाण्याकडे बघत होती. लांबवर कुणीतरी एकटंच होडीत होतं, वल्ह्यावरून पाणी निथळताना चमकत होतं. जाईल, त्याला वाटलं. जाऊ दे. सकाळपासून तिला हेच तर हवंय.

"हा माणूस माझे वडील आहेत," जुई म्हणाली. तिचा आवाज अगदी आदबशीर होता, शाळेत मुख्याध्यापकांशी बोलावं तसा. "त्यांना सगळं कळतं. तुमची होडी आम्हाला नको. तुम्ही फार उद्धट आहात."

दुकानदाराच्या मानेवर लाली चढली. जुई वाकली नाही. वळली, संजीवजवळ आली, आणि जूननंतर पहिल्यांदा त्याच्याशी मराठीत बोलली.

"चल. त्यांच्याकडे तुझ्या मापाचं जॅकेट नाहीये."

"असं म्हणाले?"

"पोट बघ ना तुझं," ती ओरडलीच. "एवढं कुणाचं असतं इथे? किती लाज वाटते मला!"

"बरं," संजीव म्हणाला.

"बरं काय? तुला काहीच कसं वाटत नाही?"

 ती तरातरा पुढे चालू लागली. खडीवर तिचे बूट करकरत होते. तो चार पावलं मागे राहिला. एकदा तिने मनगटाने नाक पुसलं, तेव्हा तो थांबून डोंगराकडे बघत राहिला, तिला पुरेसं पुढे जाऊ दिलं.

वळणापलीकडे आणखी एक दुकान निघालं. तिथे कॉलेजातली दोन मुलं सुट्टीपुरती अरुबाइतो, म्हणजे अर्धवेळ नोकरी, करत होती. त्यांनी काही न विचारता होडी पाण्यात ढकलली आणि संजीवच्या अंगावर जॅकेट चढवलं. ते बसलं. पट्टे ओढूनही थोडं ढिलंच राहिलं. जुईने ते पाहिलं, संजीवनेही पाहिलं, आणि दोघंही दुसरीकडे बघू लागले.

"तू पुढे बस," जुई म्हणाली. "मागून मी वळवणार. मध्येच शहाणपणा करू नकोस."

होडी निमुळती, दोघांची. पुढच्याची मागच्याकडे पाठ. पहिली काही मिनिटं त्यांची वल्ही एकमेकांवर आपटली, संजीवच्या मांड्यांवर गार पाणी उडालं, आणि जुईने मराठीत, जपानीत, पुन्हा मराठीत त्याचा उद्धार केला. तुला ताल नाही. तुला काही जमत नाही. मी पुण्याला आले तरी तुझ्याशी बोलणार नाही. शिबिरात आयाका मागे बसणार होती, तुला माहितेय का? तुला काय माहिती असतं? तो वल्हं मारत राहिला. हळूहळू होडी सरळ जाऊ लागली. काठ मागे पडला. पाणी इतकं शांत होतं, की वल्ह्यांखेरीज कशाचाच आवाज नव्हता.

मग मागचं वल्हं थांबलं.

"तुला सगळं कळतं," जुई जपानीत म्हणाली. तो आवाज फोनवरचा नव्हता आणि दुकानातलाही नव्हता. "हो ना? तो काय म्हणाला, ते. आणि गाडीत मी काय म्हणाले, ते."

संजीवचं वल्हं पाण्यात होतं. त्याने ते सावकाश शेवटपर्यंत ओढलं, वर काढलं आणि मांडीवर आडवं ठेवलं. मान वळवली नाही.

"काय म्हणालीस?" त्याने मराठीत विचारलं.

 होडी आपल्याच वेगाने थोडी पुढे सरकली आणि एका बाजूला वळू लागली.

"काही नाही," जुई मराठीत म्हणाली. आणि जरा वेळाने, "डावीकडून मार, बाबा. आपण वाकडे चाललोय."