प्लेअर आधी काय वाचतो

गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्यावर लाल स्टिकर लावतात. सोलला की गोंद राहतो.

डिस्क आतून बाहेर वाचली जाते, मधल्या भोकाकडून कडेकडे.

झेंडू. दोन कलश. सोनेरी चौकट.

उजव्या हाताची दोन बोटं, दुसऱ्या पेरापासून.

‘सायकल टाइम चार सेकंदांनी कमी. अभिनंदन टीम!’

हे शेवटचं वाक्य चाकणच्या एका प्रेस शॉपच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचं. सायकल टाइम म्हणजे एक नग काढायला लागणारा वेळ. सुपरवायझर अवधूत सरांनी स्वतः टाकलेलं, सोबत पन्नास सेकंदांचा व्हिडिओ. त्यात विजयश्री ही कामगार प्रेसखाली पत्रा सरकवते आहे आणि तिच्या खांद्यामागे सेन्सर वायरला लोंबकळतो आहे. हात आत गेला तर प्रेस थांबवणारा तो सेन्सर. त्याची पिन काढलेली आहे, अवधूत सर शेजारी उभे राहून अंगठा दाखवताहेत.

सहा दिवसांनी तिची बोटं गेली. व्हिडिओ ग्रुपवरून उडाला, तिच्या मोबाइलात राहिला.

कंपनी म्हणाली, पिन तिनंच काढली. चौकशी बसली. दोष तिचा ठरला तर नोकरी गेली.

चौकशीत मोबाइल चालत नाही, पेनड्राइव्ह नाही, लॅपटॉप नाही. ट्रेनिंग रूममध्ये सुरक्षेची फिल्म दाखवायला एक जुना डीव्हीडी प्लेअर आहे. पुरावा असेल तर डिस्कवर आणा, म्हणाले.

म्हणून ती मोशीला माझ्या दुकानात आली. पूर्वी मी लग्नाच्या डिस्क बनवायचो. आता मोबाइलची कव्हरं विकतो.

“धनेशभाऊ, हाय तसाच टाका. जरा जरी हात लावला तर म्हणतील, बदललाय.”

मला माहीत होतं, तसं चालत नाही. तरी तिचं ऐकलं. फाइल आहे तशी डिस्कवर टाकली.

प्लेअरनं ‘नो डिस्क’ दाखवलं.

“बाई, तुम्ही व्हिडिओ आहे म्हणता,” चौकशी अधिकारी म्हणाले, “मशीन तर डिस्कच नाही म्हणतंय.” पुढची तारीख दिली. शेवटची.

संध्याकाळी ती दुकानात आली, बँडेजचा हात छातीशी धरून. “ते ‘नाही’ कसं म्हणतंय? हाय की आत.”

मी सांगितलं. कॉम्प्युटर डिस्क उलटीपालटी करून काय मिळतं ते बघतो. प्लेअरला तेवढी अक्कल नसते. तो ठरलेल्या नावाचं एक फोल्डर शोधतो. त्यात एक यादी लागते: आधी काय दाखवायचं, चित्र कुठं सुरू होतं, कुठं संपतं. चित्र असलं आणि यादी नसली, की त्याच्या लेखी काहीच नसतं.

“आमच्या एचआरसारखंच की,” ती म्हणाली. “मग करा यादी.”

केली. जुना कॉम्प्युटर काढला, जुनं सॉफ्टवेअर उघडलं. फोल्डर, यादी, यादीची राखीव प्रत, सगळं जागच्या जागी. प्लेअरला वाचता यावी म्हणून डिस्क शेवटी नीट बंद केली. घरच्या प्लेअरवर तीनदा लावून पाहिली. तिन्ही वेळा चालली. आधी मेनू आला, मी प्ले दाबलं, सेन्सर दिसला, पिन दिसली, अंगठा दिसला.

मेनूसुद्धा दिसला होता. पंधरा वर्षं तोच बघत होतो, म्हणून त्याच्याकडे पाहिलं नाही.

तारखेनंतर ती आली. बसली नाही.

“टीव्हीवर आधी झेंडू आले. मधोमध लिहिलेलं, ‘शुभविवाह’. अवधूत सर म्हणाले, काय विजयश्रीबाई, वऱ्हाड कुठं थांबलंय? सगळे हसले. एचआरची मॅडमसुद्धा.”

“पुढं प्ले दाबलं ना?”

“रिमोट त्यांच्याकडं होता.”

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं: सदर डिस्क कामगाराने बाहेरून तयार करून आणलेली दिसते, सबब विचारात घेतलेली नाही. तिनं कागदाची झेरॉक्स माझ्या काउंटरवर ठेवली. सहीच्या जागी तिच्या डाव्या अंगठ्याचा ठसा होता. ती बारावी झालेली आहे.

“मी पुन्हा करतो,” मी म्हणालो. “मेनूच ठेवत नाही. डिस्क घातली की थेट पिन.”

“कुणाला दाखवू? तुमाला?”

एक गिऱ्हाईक आलं, काळं कव्हर आहे का विचारायला. मी त्याला कव्हर काढून देईपर्यंत ती पीएमपीच्या स्टॉपवर पोचली होती.

अपघाताच्या दिवशी, तिला दवाखान्यात नेल्यावर, दुसरी शिफ्ट सुरू होण्याआधी, सेन्सरची पिन परत लावून झाली होती.