कपाटातला जांभळा कोट

मी एक जुना लोकरीचा कोट आहे. रंग गर्द जांभळा, बटणे शिंगाची आणि वजन असे की अमेरिकेतल्या मेम्फिस शहराच्या थंडीला मी जरा जास्तच होतो. मित्रांनो, ही फुशारकी नव्हे. बरं, थोडी आहे.

ओफीलियामावशींनी मला चर्चसाठी घेतले. दर रविवारी त्या दारात उभ्या राहून लोकांना जागा दाखवत आणि लोक माझे कौतुक करत. मग मावशींना नवा कोट मिळाला आणि माझी रवानगी कपाटात झाली. कपाट कसले, माणूस मावेल एवढी अंधारी खोलीच ती! सोबतीला डांबराच्या गोळ्या. मी पार खचलो.

पण तिथेच माझे नशीब उघडले. मावशींचा भाचा क्विन्टन रॅप करायचा, आणि तोही येशूवर. क्लबवाले म्हणत, "बाबा रे, इथे प्रवचन नको." चर्चवाले म्हणत, "बाळा, इथे धिंगाणा नको." कुठली कंपनी त्याला विचारत नव्हती. म्हणून तो स्वतःच लिहायचा, स्वतःच रेकॉर्ड करायचा आणि गाडीच्या डिकीतून सीडी विकायचा. स्टुडिओ परवडत नसल्याने तो मायक्रोफोन घेऊन कपाटात, आम्हा कपड्यांत शिरे. कपड्यांत आवाज घुमत नाही ना! मी तर अगदी त्याच्या तोंडासमोर. त्याचे प्रत्येक गाणे आधी माझ्या लोकरीत मुरले आहे.

आपल्या माणसांनी एकदा ऐकावे, एवढेच त्याला हवे होते. शेवटी चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, म्हणाले, "शनिवारी एक गाणं आणून दे. आवडलं तर ईस्टरला सगळ्यांसमोर म्हण. नाही तर हा विषय कायमचा बंद."

आणि नेमकी तेव्हाच मावशींना साफसफाईची हुक्की आली. चर्चच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीत मी गेलो. तिथून मला लूएलाकाकूंनी उचलले. त्यांचे यजमान पर्व्हिस हे चर्चचे डीकन, म्हणजे पाळकांचे मदतनीस, आणि रॅपचे हाडवैरी. रविवारी ते लांबलचक प्रार्थना म्हणत आणि काकू पहिल्या बाकावर डुलक्या काढत.

तिकडे मावशींच्या रिकाम्या कपाटात क्विन्टनचा आवाज न्हाणीघरासारखा घुमू लागला.

"मावशी, जांभळा कोट कुठाय?"

"दिला की."

"अगं, तो माझा स्टुडिओ होता!"

"मग मेल्या, पाटी लावायची होतीस!"

तो धावत काकूंकडे आला. काकूंनी मला अंगावर घट्ट लपेटले.

"कोट नाही मिळायचा. इतक्या वर्षांनी हे म्हणालेत, छान दिसतेस. हवं तर कोटासकट मी येते."

"चालेल काकू. फक्त एक करा, गप्प बसा."

"मी कशाला बोलतेय!"

मित्रांनो, आमच्या लोकांत चांगला शब्द कानावर पडला की दाद द्यायचीच, हा शिरस्ता. काकू मला घालून मावशींच्या कपाटात उभ्या राहिल्या, रेकॉर्डिंग सुरू झाले, क्विन्टनची पहिली ओळ संपली आणि काकू गरजल्या, "आमेन!"

"काकू!"

"अरे, निघून गेलं तोंडातून."

पुन्हा सुरुवात झाली. "सांग बाळा, सांग!" मग काकूंनी तोंडात रुमाल कोंबला. तरी शेवटच्या ओळीला तो थुंकून त्या ओरडल्याच. शनिवारची संध्याकाळ झाली, गाणे काही धड होईना. "संपलं सगळं," म्हणून क्विन्टन रडवेला झाला. मलाही फार वाईट वाटले. काकूंच्या आरोळ्यांसकट रेकॉर्ड झालेले गाणे घेऊन तो पाळकांकडे गेला. काकू मागोमाग, आणि काकूंच्या अंगावर मी.

पाळकांशेजारी डीकन एरंडेल प्यायल्यासारखे बसले होते. क्विन्टनने रेकॉर्डिंग लावले आणि त्यातून आवाज आला, "आमेन! सांग बाळा!"

डीकन ताडकन उठले. "हा आवाज कुणाचा?"

"माझा," काकू म्हणाल्या.

"तीस वर्षं प्रार्थना म्हणतोय मी! मला एकदा तरी आमेन म्हणालीस?"

"अहो, जागी राहिले तर म्हणेन ना!"

पाळक पोट धरून हसले. "डीकन, उद्या पोराला म्हणू द्या. आपणही शिकू काही."

ईस्टरला उकाडा मरणाचा, तरी काकू मला घालूनच आल्या. क्विन्टनने पहिली ओळ म्हटली. काकूंच्याही आधी एक घोगरा आवाज उठला, "आमेन." तो डीकनचा होता. मग सारे चर्च उठले आणि क्विन्टनला पुढची ओळच आठवेना.

मित्रांनो, जुनी वस्तू काढून टाकण्याआधी घरात एकदा विचारत जा. आणि कुणी कपाटात शिरून गात असेल, तर दार उघडून ऐका. आवडले तर मोठ्याने सांगा. गाणाऱ्याला तेवढेच हवे असते.