टेबलाखालची तिवई

मी एक जुनी, बुटकी तिवई आहे आणि न्यायालयाच्या अडगळीच्या खोलीत राहते. मित्रांनो, गेल्या सोमवारी मला असा धक्का बसला, की माझा खिळखिळा तिसरा पाय अजून थरथरतो आहे. पण ते शेवटी सांगते.

माझा जन्म एका खुर्चीमुळे झाला. या न्यायालयात पहिल्यांदाच एक बाई न्यायाधीश म्हणून आल्या. त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांचे पाय अधांतरी! खुर्ची ताडमाड पुरुषांच्या मापाची, आणि तिला हात लावायचा नाही अशी तिथली रीत. महिनाभर बाईंनी जुन्या कागदांच्या गठ्ठ्यांवर पाय टेकले. शेवटी शिपाईकाकांनी सुताराकडून मला करून घेतलं. रोज सकाळी ते मला कापडात गुंडाळून आणत आणि हळूच टेबलाखाली सरकवत.

"कुणाला दिसता कामा नये," ते पुटपुटत. "मॅडमना हसतील लोक."

अकरा वर्षं मी अशी लपून काढली. बाईंना राग आला की त्यांच्या टाचा माझ्यावर रुतत. वर आवाज मात्र शांत असे.

मग एक बसचालक बाई न्याय मागायला आली. तिने वर्षभर बस चालवली होती, एक ओरखडाही न पाडता. पाय पोचावेत म्हणून ती पाठीशी घट्ट उशी ठेवायची. कंपनीला उशी दिसली आणि उंची कमी म्हणून तिची नोकरी गेली.

"नियम सगळ्यांना सारखाच आहे," कंपनीचे वकील म्हणाले.

"आसनाचं माप घेताना कुणाला बसवलं होतं?" बाईंनी विचारलं.

"चालकांना."

"त्यात एक तरी बाई होती?"

वकील हसले. "मॅडम, सरळ गोष्ट आहे. जिचे पाय पोचत नाहीत, तिने त्या जागेवर बसूच नये."

टाचा रुतल्या. मग एकदम उचलल्या गेल्या.

"काका, ती तिवई वर ठेवा."

मी हबकलेच! काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी मला उचलून थेट टेबलावर ठेवलं, भर न्यायालयात, अंगावर कापडसुद्धा नाही.

"माझेही पाय पोचत नाहीत," बाई म्हणाल्या. "मग मी उठू का?"

वकील हातातले कागद चाळू लागले. बसचालक बाई तोंडावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

तिला कामावर परत घ्या आणि पुढे-मागे सरकणारी आसनं बसवा, असा निकाल बाईंनी दिला. त्यानंतर मला कधी कुणी झाकलं नाही. लोक मुद्दाम वाकून मला बघत, आणि खरं सांगते, मी जरा शेफारलेही होते.

पुढे बाई निवृत्त झाल्या, काकाही गेले. उंच साहेब आले आणि मी अडगळीत पडले.

गेल्या सोमवारी नवा शिपाई माझ्यावर चढून वरच्या फळीवरचे गठ्ठे काढत होता. दारात उभ्या सोबत्याला तो हळूच म्हणाला, "नव्या मॅडमचे पाय पोचत नाहीत. पायाखाली ठेवायला हवेत. कुणाला सांगू नका म्हणाल्यात."

मित्रांनो, तो माझ्यावरच उभा होता हो! इतक्या वर्षांनी पुन्हा तेच गठ्ठे, पुन्हा तीच कुजबुज!

माझा एवढा पाय कुणीतरी ठोकून द्या आणि मला त्यांच्याकडे पोचवा. पण एक विनंती आहे. नेताना मला कापडात गुंडाळू नका.